मारक्या बैलाचा मालक

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्रातील एक लहानसे कलम आहे. एखाद्याच्या बैलाने माणसाला शिंग खुपसून ठार मारले, तर बैलाला दगडमार करावा, मालकाला मात्र निर्दोष समजावे. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असेल, तशी सूचना मालकाला दिली गेली असेल आणि तरीही त्याने बैलाला बांधून ठेवले नसेल, तर मालकही देहांताच्या शिक्षेस पात्र ठरतो. शिक्षेची कठोरता त्या काळाची आहे. तिच्यामागचा विचार मात्र जुना झालेला नाही. धोक्याची सूचना मिळालेला माणूस आणि न मिळालेला माणूस यांना देव एका मापाने मोजीत नाही.

आता आपल्या अंगणात बैल क्वचितच दिसतो. त्याच्या जागी मोटारसायकल आली, रिक्षा आली, भाजी-फुले वाहून नेणारा टेम्पो आला, शाळेच्या मुलांना नेणारी गाडी आली. मारक्या बैलाची सूचना देण्याची व्यवस्थाही आली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमानुसार प्रवासी व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. बोलण्यात आपण त्यालाच ‘पासिंग’ म्हणतो. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपली, की तपासणी झाल्यावरच ती पुढील पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्याच ५६ व्या कलमात असेही म्हटले आहे, की प्रमाणपत्र नाकारायचे असेल तर त्याची कारणे मालकाला लेखी दिली पाहिजेत. ब्रेक एका बाजूला ओढतो, स्टेअरिंगला खेळ आहे, टायर झिजले आहेत, दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, अशा नोंदींचा तो कागद म्हणजे मालकाला मिळालेली सूचनाच होय.

हा कागद हातात पडल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया कोणती असते? बहुधा संतापाची. ‘पैसे उकळण्याचे धंदे आहेत हे’, असे वाक्य सहज तोंडून निघते. त्यात कधीच तथ्य नसते असे आम्ही म्हणणार नाही. लाच मागणारे हात आणि ती पोहोचवणारे दलाल या देशात आहेत, आणि त्यांचे पाप त्यांच्या माथी आहेच. परंतु तपासणारा लोभी असला म्हणून झिजलेला ब्रेक धड होत नाही. निरीक्षकाच्या नीतिमत्तेचा न्याय देव करील. आपल्या गाडीच्या ब्रेकचा प्रश्न आपल्यापुढेच उभा राहतो.

येथे एक जुना वाद आठवतो. काही राजकीय कायदे सदसद्विवेकाला बांधीत नाहीत. ते मोडले आणि पकडले गेलो तर दंड भरावा, म्हणजे कर्तव्य संपले, असे मत नीतिशास्त्राच्या काही जुन्या आचार्यांनी मांडले होते. ज्यांनी ते ग्रंथ कधी उघडले नाहीत, तेही रस्त्यावर नेमके याच मताने वागतात. पोलीस दिसला तर शिरस्त्राण डोक्यावर, नाहीतर आरशावर! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या संविधानाच्या तिसाव्या परिच्छेदात हा समज स्पष्टपणे नाकारला. आरोग्याचे आणि वेगमर्यादेचे नियम तुच्छ लेखणारे लोक स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतात, असा इशारा परिषदेने तेथे दिला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २२९०) मद्याच्या धुंदीत किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका निर्माण करणे हा गंभीर दोष मानला आहे, आणि हे विवेचन पाचव्या आज्ञेखाली केले आहे. पुढे २००७ साली व्हॅटिकनच्या एका परिषदेने रस्त्यावरील मेषपालनाविषयी मार्गदर्शिका काढली. तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत आणि त्यांतील पहिली ‘खून करू नकोस’ हीच आहे.

कोणाला हे अतिशयोक्त वाटेल. त्यांनी केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा २०२२ या वर्षाचा अहवाल पाहावा. त्या एका वर्षी भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य अपघातांचे कारण अतिवेग हे होते. पण वेगात धावणारी गाडी वेळेवर थांबणार की नाही, हे अखेर ब्रेक आणि टायरच ठरवतात. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असू नये असा नियम आहे. ती नक्षी शोभेसाठी नसते. रस्त्यावरचे पाणी तिच्या खाचांतून बाजूला सारले जाते आणि रबराची रस्त्यावरील पकड टिकते. आपल्या किनारपट्टीवर चार महिने पाऊस कोसळतो. तेव्हा गुळगुळीत टायर लावून महामार्गावर उतरणारा माणूस मारका बैल मोकळा सोडतो आहे.

‘मला ठाऊकच नव्हते’ ही सबब आपण पुष्कळदा पुढे करतो. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एक, जे माणसाला प्रयत्न करूनही दूर करता येत नाही. ते दोषमुक्त करते. दुसरे, जे थोड्या काळजीने दूर झाले असते. ते दोषमुक्त करीत नाही. आपल्या कायद्याच्या १९० व्या कलमात हाच भेद आढळतो. वाहनातील धोकादायक दोष ज्याला माहीत आहे तोच अपराधी असे ते कलम म्हणत नाही. साधारण काळजी घेतली असती तर ज्याला तो कळला असता, त्यालाही ते जबाबदार धरते. मग ज्याच्या खिशात दोषांची लेखी यादी आहे, त्याने कोणते अज्ञान सांगावे?

नापास झालेली गाडी येते ती गॅरेजच्या दारात. येथे पाचव्या आज्ञेबरोबर सातवी आणि आठवी याही उभ्या राहतात. मालकाला यंत्रातले कळत नाही आणि त्याच्या मनात भीती असते. या दोहोंचा बाजार मांडणे फार सोपे आहे. जो भाग आणखी वर्षभर चालला असता तो बदलायला लावणे, नव्याचे पैसे घेऊन जुना भाग बसवणे, न केलेले काम बिलात दाखवणे, ही चोरीच होय. मग ती वंगणाने माखलेल्या हातांनी केलेली असो वा स्वच्छ कचेरीत बसून. संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याचा विचार करताना लंगडा घोडा चपळ म्हणून विकण्याचे उदाहरण घेतले आहे. ज्या छुप्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगण्यास विक्रेता बांधलेला आहे, असे त्यांचे मत आहे. सातशे वर्षांपूर्वीचे हे मत जुनी गाडी विकणाऱ्याने आणि ती दुरुस्त करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. काम हाती घेण्यापूर्वी खर्चाचा अंदाज द्यावा, अधिक काम निघाले तर विचारूनच करावे, काढलेला जुना भाग मालकाला दाखवावा आणि पक्के बिल द्यावे. बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित प्रथा मानली आहे.

पण न्याय एका बाजूचा नसतो. प्रामाणिक मिस्त्रीला फसवेगिरीकडे ढकलणारे गिऱ्हाईक कोण असते? ‘पासिंगपुरते करून दे’ असे सांगणारे आपणच ना? पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर उसने आणून चढवायचे आणि प्रमाणपत्र हाती येताच ते उतरवायचे, हा प्रकार आपल्याकडे अपरिचित नाही. ही तर यंत्राकडून देववलेली खोटी साक्ष झाली. मिस्त्रीने ब्रेकचे काम नीट करायला दोन दिवस लागतील म्हटले, की आपण त्याला लुटारू ठरवतो आणि अर्ध्या पैशात, अर्ध्या दिवसात काम उरकणाऱ्याच्या दारी जातो. मजुरीसाठी घासाघीस करून प्रामाणिक कारागिराला उपाशी ठेवायचे आणि मग प्रामाणिक माणसे उरली नाहीत म्हणून हळहळायचे, यात कोणता न्याय? प्रभू येशू स्वतः सुताराच्या घरी वाढला. गाडीखाली पाठीवर निजून नट आवळणारा तरुण हा त्याच कारागिरांच्या कुळातला आहे. त्याच्या श्रमाचे पुरते मोल देणे हेही सातव्या आज्ञेचे पालन आहे.

एक प्रश्न सर्वांत अवघड आहे. टेम्पोच्या मालकावर कर्जाचे हप्ते आहेत, मुलांची फी आहे. गाडी चार दिवस उभी राहिली तर चूल कशी पेटायची? अशा माणसाला नुसता उपदेश करणे हे निर्दयपणाचे आहे. तरीही त्याची अडचण खरी म्हणून त्याच्या गाडीपुढे येणाऱ्या मुलाचा जीव स्वस्त होत नाही. त्याची अडचण समाजाने वाटून घ्यावी, एवढाच मार्ग उरतो. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथोलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली, तिचीच पुढे मोठी बँक झाली. सहकाराची ती परंपरा आपल्या रक्तात आहे. धर्मग्रामातील चार टेम्पोवाल्यांनी एकमेकांची भाडी दोन दिवस सांभाळणे, दुरुस्तीपुरते बिनव्याजी पैसे उभे करणे, हे काही अशक्य नाही. शाळेच्या गाडीबाबत तर पालकांनीच पुढे व्हावे. महाराष्ट्र शासनाने २०११ साली शालेय बससाठी स्वतंत्र नियम केले आहेत. आपले मूल ज्या गाडीत बसते तिचे योग्यता प्रमाणपत्र चालू आहे का, हे विचारायला संकोच कशाचा?

नवी गाडी घेतली की आपली कुटुंबे ती चर्चच्या आवारात आणतात. आम्ही धर्मगुरू प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो. संत ख्रिस्तोफरचे पदक समोर लटकते. ही सुंदर प्रथा आहे आणि ती टिकावी. परंतु आशीर्वाद म्हणजे ब्रेकचा पर्याय नव्हे. ज्याची निगा राखण्याची बुद्धी आणि हात देवाने आपल्याला दिले, त्याची निगा न राखता त्याच्या रक्षणाची मागणी करणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय, आणि मंदिराच्या शिखरावर उभ्या असलेल्या प्रभूने तो मोह नाकारला आहे. म्हणून यापुढे गाडी आशीर्वादासाठी आणताना तिचे कागदपत्र तपासून आणावेत. तपासणीत ती नापास झाली असेल तर ती यादी एकदा घरात सर्वांसमोर वाचावी, त्यातील प्रत्येक दोष खरोखर दूर होईपर्यंत गाडी दारात उभी ठेवावी, आणि दुरुस्त करणाऱ्याला त्याचे रास्त पैसे हसतमुखाने द्यावेत.