हातचें भिंग

छायाचित्रणाचा नाद असलेल्या गृहस्थास त्याच्या फसलेल्या चित्राविषयीं विचारावें, तर बहुधा उत्तर मिळतें, ‘भिंग साधारण आहे!’ हें पुष्कळदां खरेंही असतें. परंतु खऱ्या कारणाच्या आड खोटी सबब सहज लपते. म्हणून साधनाला दोष देण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न केवळ कलेचा नसून नीतीचाही आहे.

जुन्या पॅरिसचीं चित्रें घेणाऱ्या यूजीन आत्जे याचें उदाहरण पाहा. तो १९२७ सालीं वारला. त्याच्या हयातींत लहान, हलके कॅमेरे मिळूं लागले होते. तरी त्यानें आपला लांकडी कॅमेरा व १८×२४ सेंटिमीटरच्या कांचा सोडल्या नाहींत. कांचेस प्रकाश बराच वेळ द्यावा लागे, आणि चालता माणूस धुरासारखा पुसट उमटे. पहांटेचे निर्मनुष्य रस्ते त्याला मानवले. उंच इमारत चित्रांत सामावण्यासाठीं तो भिंग वर सरकवी, तेव्हां भिंगांतून येणारा प्रकाश चित्राच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोंचत नसे. ते काळे कोपरे अनेक चित्रांत त्यानें तसेच राहूं दिले आहेत. अशा कांचांपैकीं २,६०० हून अधिक कांचा १९२० सालीं फ्रेंच सरकारनें विकत घेतल्या.

कोणी म्हणेल, हा दारिद्र्याचा गौरव झाला. तसें नाहीं. आंखूड भिंगानें दूरच्या फांदीवरील पक्षी जवळ येणार नाहीं. तेथें संतोषाचा उपदेश व्यर्थ आहे. मात्र आपलें भिंग पूर्ण उघडें असतां कडेला किती पुसट होतें, छिद्र थोडें लहान केल्यावर किती रेखीव होतें, समोरून उन्हाची तिरीप आल्यास चित्र किती फिकटतें, हें ज्यानें पाहिलेंच नाहीं, त्यानें भिंगाची मर्यादा सांगूं नये. तो सांगतो ती स्वतःच्या परिचयाची मर्यादा होय.

हें मी दुसऱ्यास शिकविण्याकरितां लिहीत नाहीं. नवें भिंग आल्यावर वडिलांचें चित्र घेऊं, असें मी तीन वर्षें म्हणत होतों. भिंग आलें, तेव्हां ओसरीवरची त्यांची खुर्ची रिकामी झाली होती. जुन्या भिंगानें त्यांचा चेहरा टिपण्यास मीं दोन पावलें पुढें जाणें एवढेंच पुरेसें होतें.

नवें साधन मागण्यास कोणाची हरकत असूं नये. हातच्या साधनाचा हिशेब मात्र आधीं चुकता व्हावा.