तुकडेबंदी

शेताची वाटणी झालेल्या घरात तुकडा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजोबांच्या नावावर वीस एकर, मुलांच्या वाट्याला पाच-पाच, नातवांना हाती लागेल तेवढं. सातबारे वाढतात, बांध वाढतात, औत वळवायला जागा राहत नाही. बेरीज करून पाहा, वीसच्या वीस एकर जागेवर असतात, पण त्यात शेती होत नाही. हे ओळखूनच मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. पुढे त्याला किती सवलती जोडल्या गेल्या ते सोडा; तुकडा पडणं हे नुकसान आहे, एवढं तरी सरकारदरबारी मान्य झालं. जंगलाचं मात्र आपण अजून क्षेत्रफळच मोजतो.

थोडा हिशेब करू. एक किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद रान घ्या, म्हणजे १०० हेक्टर. कडेचं ऊन, वारा, गुरांचे पाय हे सगळं शंभर मीटर आत पोचतं असं धरलं, तर खरं आतलं रान ६४ हेक्टर. उभा-आडवा रस्ता काढून त्याचे चार तुकडे केले की ते ३६ वर येतं. पंचवीस तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोनशे मीटरचा, म्हणजे सगळा बांधच. आतलं रान शून्य. रस्त्यांखालची थोडी जागा सोडली, तर कागदावर १०० हेक्टर तसेच्या तसे. शेतातला बांध फूटभर सरकला तर भावाभावांत कोर्टकचेरी होते. रानातला बांध दरवर्षी आत सरकतो आणि कुणी हरकत घेत नाही. आधी रानमोडी येते, मग घाणेरी, मग वणवा.

हा हिशेब कुणी तरी प्रत्यक्ष करून पाहिला आहे. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ कुरणांसाठी जंगल तुटत होतं, तेव्हा थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मधले काही तुकडे राखून घेतले. कुठे १ हेक्टर, कुठे १०, कुठे १००. मग वर्षानुवर्षं मोजदाद चालली. कडेची थोराड झाडं भराभर मरू लागली. १०० हेक्टरच्या तुकड्यांतसुद्धा झाडांच्या सावलीत, खालच्या थरात वावरणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत दिसेनाशा झाल्या. त्यांतले काही किडेखाऊ पक्षी ८० मीटरची मोकळी पट्टी ओलांडायला तयार नव्हते. पंख असून.

आपल्याकडे मला हे कळलं ते कोकणातल्या एका देवराईत. चार-पाच एकरांची राई, मध्ये कौलारू देऊळ, आणि देवळामागे दोन माणसांच्या कवेत न मावणारा धूप. झाड उत्तम होतं. खाली त्याच्या बियांचा सडा होता. काही किडलेल्या, काही कुजलेल्या. कोवळं रोप शोधत मी अर्धा तास फिरलो, एकही सापडलं नाही. बरोबरचे म्हातारे गुरव म्हणाले, "गरुड येत नाय आता." गरुड म्हणजे धनेश. धुपाचं, रानजायफळाचं फळ गिळून बी दूर नेऊन टाकणारा हा पक्षी. त्याला विणीसाठी ढोलीचं जुनं झाड लागतं आणि चरायला कितीतरी मोठा मुलूख. एका राईत त्याचं पोट भरत नाही. मधल्या खासगी रानांत तो उतरायचा, ती रानं लाकूडतोडीत गेली. धूप अजून शंभर वर्षं उभा राहील. गणतीत त्याची नोंदही होईल. वारस नसलेल्या माणसाचा सातबारा असतोच की, तसं.

जे प्राणी उरतात त्यांची सोयरीक भावकीतच होऊ लागते. झाडांचंही तेच: पराग नेणारा कीटक पलीकडच्या तुकड्यापर्यंत पोचत नसेल, तर फळ धरलं तरी वाण खालावतो.

वाघ त्यातल्या त्यात धडपडतो. टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर २०१९ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली: कापसाची शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तीन हजार किलोमीटरच्या वर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. वर्तमानपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हणून डोक्यावर घेतलं. मला ती बातमी आनंदाची कधी वाटली नाही. तिथे त्याला जोडीला एकही वाघीण नव्हती.

पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, कोर्टात खटले झाल्यावर का होईना, प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली. सर्वांत लांब वाट ७५० मीटरची. वाघ, रानकुत्रे, चितळ तिथून जातात, कॅमेऱ्यांनी ते टिपलंय. चांगलंच झालं. पण धुपाच्या बीसाठी भुयारी वाट बांधता येत नाही. तिला लागतात दोन रायांच्या मधली सुटी झाडं. त्यांना ना अभयारण्याचं कुंपण आहे, ना देवाचा धाक. ती कुणाच्या तरी मालकीची असतात, आणि पोकळ म्हणून सर्वांत आधी विकली जातात. तुमच्या बांधावर असा एखादा ढोलीचा बेहडा असेल आणि लाकडाचा ठेकेदार ओटीवर येऊन बसला असेल, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.