आमगावचा खडक

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावच्या मातीखालच्या खडकाला भूशास्त्रात याच गावाचे नाव आहे: आमगाव पट्टिताश्म. वय अडीचशे कोटी वर्षे, कदाचित त्याहून अधिक. मुंबई-पुण्याखालचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा. अशा ग्रॅनाइटजातीच्या खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम बेसाल्टपेक्षा सहसा जास्त असते. या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे किरण धानाच्या बांध्यांतून, घरांच्या भुईतून अखंड येत असतात. जे जन्मापासून सोबत असते, त्याची माणूस चौकशी करत नाही.

चौकशी सुरू होते ती भीतीने. घरात हे किरण मोजणारे यंत्र ठेवले की पहिला प्रश्न ठरलेला: इथे किरणोत्सर्ग आहे का? तो सर्वत्र आहे; विचारणाऱ्याच्या स्नायूंतल्या पोटॅशियममध्येही आहे. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जगातली सरासरी मात्रा वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट, त्यातला सुमारे निम्मा वाटा रेडॉन वायूचा. ‘किती’ विचारायला धीर लागतो. ‘आहे की नाही’ एवढ्यावरच घबराट जगते आणि बेफिकिरीही.

गावातला हा ‘किती’ मोजण्यासाठी पाहणीचा आराखडा करताना हात आधी सोयीच्या जागांकडे जातो. तहसील कचेरी, महाविद्यालय, बसस्थानक: तिथे परवानगी लवकर मिळते. पण माणसाचा बहुतेक वेळ घरात जातो, आणि रेडॉन साठतो तोही बंद खोलीत. मातीची भिंत, सिमेंटची भिंत, ग्रॅनाइटची फरशी, प्रत्येकीची नोंद वेगळी. सर्वांत जास्त वेळ घरात असणारी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले कोणत्याही कचेरीत भेटत नाहीत. सोयीने निवडलेल्या जागा निवडणाऱ्याचीच माहिती देतात.

ऋतूही मोजावे लागतात. पावसाळ्यात बांध्यांत पाणी उभे राहते आणि मातीचे किरण अडवते. त्याच पावसाच्या सरींबरोबर हवेतल्या रेडॉनपासून झालेली द्रव्ये खाली येतात आणि आकडा काही तास चढतो. हिवाळ्यात खिडक्या बंद होतात. जे सतत असते, ते एका भेटीत हाती लागत नाही.

केरळात करुणागप्पळ्ळीच्या मोनॅझाइटयुक्त वाळूमुळे किरणोत्सर्गाची मात्रा काही ठिकाणी सरासरीच्या कितीतरी पट आहे. तिथे त्यामुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही, हे 2009 साली सांगता आले. कारण त्याआधी घरोघर मोजणी झाली होती आणि माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली होती. दिलासाही कष्टाने मिळवावा लागतो. नुसता दिलेला दिलासा पहिल्या अफवेलाच विरतो.

आमगावच्याच जिल्ह्यात तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जळाल्यावर त्यातली हीच मूलद्रव्ये राखेत दाटून उरतात, आणि राखेच्या विटा बांधकामात वापरल्या जातात. त्यात काही वावगे असेलच असे नाही. पण उद्या कुणी शंका घेतली, तर नवा आकडा ताडून पाहायला जुना आकडा लागेल. तो शांततेच्या काळातच घेता येतो, आणि शांततेच्या काळात त्यासाठी पैसा मागणे सर्वांत अवघड असते.

आराखड्यात एक कलम बहुधा राहून जाते. ज्या घरात मोजले, त्या घराला त्याचा आकडा आणि त्याचा अर्थ समजेल अशा मराठीत कळवला पाहिजे. ते कलम नसेल, तर पाहणी अपुरी आहे.