उन्हाचा वाटा

फिनिक्स तहानेनं मरणार, हे भाकीत अमेरिकेत वर्षानुवर्षं नित्यनेमानं केलं जातं आणि शहर त्याकडे काणाडोळा करून वाढत राहतं. अॅरिझोना राज्याच्या या राजधानीत १९५० साली लाखभराच्या थोडी वर माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ती १६ लाखांपलीकडे गेली आणि फिनिक्सनं फिलाडेल्फियाला मागे टाकून देशात पाचवा क्रमांक घेतला. पाऊस वर्षाला सात-आठ इंच. आपला माण-खटावचा दुष्काळी पट्टासुद्धा याच्या दुपटीहून जास्त पाऊस बघतो. एवढ्या पावसावर एवढं शहर म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं कुणालाही वाटेल. मला तसं वाटत नाही. वाळवंटात राहणं ही चूक नव्हे. पाणी आणि गारवा कुणाला मिळणार हे तिथे कसं ठरतं, ते तपासायला हवं.

सॉल्ट नदीच्या या खोऱ्यात माणूस काही काल आलेला नाही. होहोकम लोकांनी इथे शेकडो मैल कालवे खणले आणि हजारएक वर्षं त्यांवर शेती केली. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांची गावं ओस पडली. १८६७-६८ च्या सुमारास आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच कालव्यांच्या खुणा धरून पुन्हा पाणी फिरवलं. मग १९११ मध्ये सॉल्ट नदीवर रूझवेल्ट धरण पुरं झालं. त्या काळच्या पाणीहक्काचा एक अवशेष आजही टिकून आहे. जुन्या वस्त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांना अंगणातल्या गवताला आणि संत्र्यांच्या झाडांना कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. पाळी रात्री दोनची आली तर घरमालकानं उठायचं, झडप उघडायची आणि अंगण घोटाभर पाण्यानं भरून घ्यायचं. रात्री दारं धरायला शेतावर गेलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे दृश्य नवं वाटणार नाही. त्याचं पीक भिजतं, इथे हिरवळ भिजते, एवढाच फरक. हक्क जमिनीला चिकटलेला असल्यानं पाणी स्वस्त पडतं. म्हणून त्या वस्त्यांत झाडं दाट आणि सावली गर्द. नंतर वसलेल्या गरीब वस्त्यांना हा वारसा नाही.

नदीचं पाणी पुरेना म्हणून कोलोरॅडो नदीचं आणलं. १९७३ ते १९९३ या वीस वर्षांत बांधलेला सेंट्रल अॅरिझोना प्रकल्पाचा कालवा ५४० किलोमीटर वाळवंट तुडवतो आणि वाटेत पाणी जवळपास नऊशे मीटर वर चढवतो. या पंपांना दीर्घकाळ वीज पुरवली ती नवाहो या मूलनिवासी लोकांच्या भूमीवरच्या कोळशाच्या वीजकेंद्रानं. ते २०१९ मध्ये बंद पडलं. ज्यांच्या अंगणात धूर सोडून फिनिक्सच्या नळाला पाणी आणलं, त्या नवाहोंच्या कित्येक घरांत आजही नळ नाही. शहराच्या दक्षिणेला हीला नदीकाठी राहणाऱ्या अकिमेल ओओधम लोकांची नदी वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी वळवून घेतली. तो हिशेब कायद्यानं चुकता व्हायला २००४ साल उजाडावं लागलं.

तरीही तहानेचं भाकीत खोटं ठरत आलं, कारण या शहरानं पाण्याचा विचार शंभर वर्षांच्या हिशेबानं केला. १९८० च्या भूजल कायद्यानंतर, शंभर वर्षांचं पाणी दाखवल्याशिवाय महानगर परिसरात नव्या वसाहतीचे भूखंड विकता येत नाहीत. २०२३ मध्ये राज्यानं केवळ भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना मंजुरी थांबवली. सांडपाणी शुद्ध करून पालो वेर्दे अणुवीजकेंद्र थंड ठेवलं जातं. शेताच्या जागी घरं आली की बहुतेकदा पाणी कमीच लागतं. कोलोरॅडो आटत चालली आहे, पुढच्या वाटपात कपात होईलच. पण कपातीची पहिली झळ २०२२ मध्ये शेजारच्या पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांना बसली, शहराला नव्हे. नियोजनाला मान द्यावा आणि वाटपाकडे बोट दाखवावं, हे दोन्ही एकाच दमात करावं लागतं.

उन्हाच्या बाबतीत मात्र शंभर वर्षांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. एसी घरोघरी येण्याआधी इथले लोक जाळीच्या पडवीत ओली चादर टांगून झोपत. मग लाकडाच्या किसाचे पडदे लावलेले कूलर आले, विदर्भात आजही घरघरतात तसेच. एसी आला आणि घराची पडवी, जाड भिंत, सावलीची गल्ली सगळंच अनावश्यक ठरलं. डांबर आणि काँक्रीट पसरलं. आता हे शहर रात्रीही निवत नाही. जुलै २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंशांवर गेला आणि एका रात्री तो ३६ अंशांखाली उतरलाच नाही. तापलेल्या रस्त्यावर पडून भाजलेले लोक दवाखान्यात दाखल होतात.

चंद्रपूरकर म्हणेल, यात काय विशेष? विशेष हे, की जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, फिनिक्स जिच्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत त्या एका वर्षात उष्णतेमुळे ६४५ माणसं दगावली. त्यांतली जवळपास ४५ टक्के बेघर होती. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण बऱ्याच ठिकाणी तो चालू नव्हता. इथे बऱ्याच घरांचा एसी छपरावर असतो. तो भर दुपारी दुरुस्त करणारा माणूसही त्याच उन्हात उभा असतो. शेजारच्या चँडलरमधल्या इंटेलच्या कारखान्यामुळे या परिसरात आपली मराठी कुटुंबंही आहेत. गार घर, गार गाडी, गार कचेरी असा त्यांचा दिवस जातो. ऊन त्यांच्यासाठी पार्किंगपुरतं असतं.

आणि कायदे येतात ते माणसं गेल्यावर. २०१८ मध्ये ७२ वर्षांच्या एका बाईची वीज ५१ डॉलरच्या थकबाकीसाठी तोडली गेली आणि ती घरात मृत सापडली. उन्हाळ्यात वीज तोडायला मनाई झाली ती त्यानंतर, २०१९ मध्ये. तिथल्या फिरत्या घरांच्या वसाहतींत घर भाडेकरूचं आणि जागा मालकाची. काही मालक खिडकीत एसी बसवू देत नसत, कारण तो दिसायला वाईट. ही अडवणूक कायद्यानं थांबायला २०२४ उजाडलं. भाड्याच्या घरात एसी असेल तर तापमान २८ अंशांवर जाऊ नये, असा फिनिक्सचा नियम आहे. पण ज्याला घरच नाही त्याच्या वाट्याला हा नियम येत नाही.

कोलोरॅडोवरच्या लेक मीड या जलाशयाची पातळी किती उतरली याच्या बातम्या आपल्यापर्यंत येतच राहतील. त्यांच्याबरोबर मॅरिकोपाचं आरोग्य खातं उन्हाळ्यात दर आठवड्याला काढतं तो उष्णतेच्या बळींचा अहवालही वाचत जावा. तो सर्वांसाठी खुला असतो.