प्रकाशाला तालीम हवी

पणजीत कांपालला मांडवीच्या काठावर उभी असलेली कला अकादमीची वास्तू २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाली. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाली आणि रंगकर्मींच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच तक्रारी प्रकाश आणि ध्वनी यांच्या व्यवस्थेबद्दल होत्या. या तक्रारींनंतर २०२४ मध्ये सरकारने नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. या सगळ्या चर्चेत दिवे किती, कोणत्या कंपनीचे, किती किमतीचे, हे प्रश्न पुष्कळ विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आहे. रंगमंचावरचा प्रकाश ही विकत आणण्याची वस्तू आहे, की घडवण्याची कला? कला असेल, तर तिला तालीम मिळते का?

गोव्यात नाटकांना तोटा नाही. देवळांच्या उत्सवांत गावकरी स्वतः नाटके बसवतात. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन गटांत होते, आणि प्रकाशयोजनेला तिथे स्वतंत्र पारितोषिकही असते. नट महिना-दोन महिने तालीम करतात, गायक पेटीबरोबर पदे घोटतात. प्रकाशाची आणि नाटकाची गाठ मात्र बहुधा प्रयोगाच्याच दिवशी पडते. सकाळी नेपथ्य उभे राहते, दुपारी दिवे टांगले जातात, संध्याकाळी घाईघाईने क्यू, म्हणजे उजेड बदलण्याचे इशारे, ठरतात आणि रात्री पडदा उघडतो. यातून चांगले काही निघाले, तर ते त्या माणसाच्या अंगच्या कसबामुळे. व्यवस्थेने त्याला काहीही दिलेले नसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आपल्या पूर्वजांनी कुठे प्रकाशयोजना केली होती? पेडण्यात दशावतारी काला गॅसबत्तीच्या उजेडात रात्र रात्र रंगला, त्याचे काय अडले? हा आक्षेप मनापासून तपासण्यासारखा आहे, कारण त्याचे उत्तर दशावतारातच आहे.

धारगळ, पार्से, मांद्रे या पट्ट्यात किंवा तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्गात दशावतार पाहणाऱ्याला त्याचा रंगमंच पाठ असतो. एक पडदा, एक बाकडे, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. वीज गावात पोहोचण्यापूर्वी या रंगमंचावर दिवट्या असत, पुढे पेट्रोमॅक्स आला. हा उजेड एका जागी स्थिर असे, म्हणून नट हलत असे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की अंगावर पडणारा उजेड चौथाई होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम त्या नटाने पुस्तकात वाचलेला नव्हता, पण त्याच्या पायांना तो ठाऊक होता. राजाला भरदरबारात तेज हवे, तेव्हा तो बत्तीपाशी येई. कपटी पात्र कडेला अर्धवट उजेडात थांबे. राक्षसाच्या प्रवेशाला राळेचा भपका उडवला की क्षणभर सगळा मंडप उजळे आणि पाठोपाठ येणारा काळोख आधीपेक्षा दाट वाटे. संकासुराचा वेष पाहा. काळे कपडे, काळा बुरखा, त्यावर ठळक पांढरे डोळे आणि लोंबती लाल जीभ. मंद उजेडात अंग नाहीसे व्हावे आणि फक्त डोळे-जीभ उरावी, असाच हा वेष आहे. मुकुटाची चमक आणि चेहऱ्यावरचे भडक रंगही त्याच उजेडाशी जमवलेले.

म्हणजे दशावतारात प्रकाशयोजना नव्हती असे नाही. ती नटाच्या देहात होती आणि जत्रेमागून जत्रा करत तिची रोज तालीम होत होती.

विजेने हे समीकरण मोडले. १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले, आणि नंतरच्या काळात जगभर रंगमंचावरचा उजेड नटापासून सुटत गेला. नट जागेवर बसलेला असताना त्याच्यावरचा उजेड वाढू, उतरू, सरकू लागला. ही ताकद नटाच्या हातून निघून प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या हाती गेली. स्वित्झर्लंडचे रंगमंच-रचनाकार अडॉल्फ आपिया यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशाला संगीताच्या बरोबरीचे स्थान मागितले. कोलकात्यात १९५९ च्या ‘अंगार’ नाटकात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी खाणीत पाणी शिरण्याचा प्रसंग प्रकाशाने उभा केला. पूर्वी एका देहात असलेली गोष्ट आता दोन माणसांत वाटली गेली आहे. दोन माणसांनी मिळून करायच्या कामाला एकत्र तालीम लागते, माझा सगळा आग्रह एवढ्यावरच उभा आहे.

हे काम नेमके काय असते? पेडण्यापासून जवळच असलेल्या आरवलीचे नाटककार जयवंत दळवी. त्यांचे ‘संध्याछाया’ घेऊ. घरात नाना आणि नानी ही वृद्ध जोडी, मुले दूर, दिवस सरता सरत नाही. हे नाटक मी प्रकाशात कसे वाचीन? पहिला निर्णय कोनाचा. समोरून साधारण पंचेचाळीस अंशांतून आलेला उजेड चेहरा स्वच्छ दाखवतो. तोच बाजूने आणि खालच्या उंचीवरून आणला, तर सुरकुत्या उठून दिसतात, सावल्या लांबतात, मावळतीचा भास होतो. दुसरा निर्णय रंगाचा. नारिंगी जिलेटिन लावले की संध्याकाळ झाली, ही सवय सोडावी लागते. खिडकीकडून ऊबदार आणि उरलेल्या खोलीत किंचित थंड, असा फरक ठेवला की डोळ्यांना वेळ आपोआप कळते. तिसरा आणि सर्वांत अवघड निर्णय काळाचा. इथे संध्याकाळ दहा-बारा मिनिटांत अशी उतरायला हवी, की ती कधी उतरली हे प्रेक्षकाला कळू नये. खोली रिकामी झाल्याचे एकदम जाणवावे.

या उतरणीत नानीने उठून दिवा लावला, असे समजू. सेटवरचा दिवा लहान, त्याने खोली उजळत नाही. खरा उजेड वरच्या बारवरच्या स्पॉटमधून येतो. नटीचे बोट बटणावर पडणे आणि स्पॉट उमलणे यांत निमिषाचा फरक पडला तरी ते घर खोटे ठरते. नटी त्या दिवशी पाऊल रेंगाळत आली, तर ऑपरेटरनेही थांबायला हवे. हे कागदावर लिहून जमत नाही. तिचा श्वास ओळखावा लागतो, आणि त्यासाठी तिच्यासोबत पुन्हा पुन्हा तो प्रसंग करावा लागतो.

नव्या यंत्रांनी ही गरज कमी केलेली नाही, उलट वाढवली आहे. जुना हॅलोजन दिवा पूर्ण तेजात साधारण ३२०० केल्व्हिनचा पिवळसर पांढरा उजेड देतो आणि डिमरवर उतरवला की तांबूस होत जातो. मराठी रंगभूमीच्या कित्येक पिढ्यांचा ‘फेड आउट’ त्या तांबूस छटेतून गेला आहे. एलईडी दिवा उतरताना रंग बदलत नाही. शिवाय हलक्या प्रतीचा असेल, तर शेवटच्या टप्प्यात हिसका देऊन विझतो. एलईडीने वीज वाचते, उष्णता कमी होते, एकाच दिव्यातून अनेक रंग मिळतात. हे फायदे मोठे आहेत. पण तोंडावरचा मेकअप, शालूचा रंग, रंगवलेला पडदा त्याखाली वेगळा दिसतो. तेव्हा नव्या दिव्यांखाली प्रत्येक नाटक नव्याने पाहून घ्यावे लागते.

ते पाहायला वेळ मिळाला नाही की प्रकाशयोजनाकार हुकमी खुणांकडे वळतो. राग आला, लाल. रात्र झाली, निळा. दुःख झाले, बाकी सगळे काळोखात आणि नायिकेवर एक गोल स्पॉट. उत्सवी रंगमंचावर हे फार दिसते, पण त्याचा दोष त्या कारागिराला देणे अन्यायाचे आहे. भाड्याचे सामान संध्याकाळी गावात पोहोचते, मंडपाची वीज कधी कमी-जास्त होते, नाटक त्याने पाहिलेले नसते आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गावी जायचे असते. अशा स्थितीत तो सर्वांना कळेल असाच उजेड टाकणार.

वेळ आणि पैसा कुठून आणायचा, हा व्यवहाराचा प्रश्न खरा आहे. कलाकार नोकऱ्या सांभाळून नाटक करतात, सभागृहे आरक्षित असतात. तरीही चार गोष्टी आवाक्यातल्या आहेत. स्पर्धेतल्या प्रत्येक संघाला प्रयोगाआधी प्रकाशासाठी किमान एक पूर्ण सत्र त्याच रंगमंचावर मिळावे. कला अकादमी असो, फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर असो की डिचोली तालुक्यातले साखळीचे रवींद्र भवन, प्रत्येक सभागृहाने आपल्या बारची उंची, दिव्यांची यादी आणि जोडण्यांचा आराखडा खुला करावा, म्हणजे संघांना घरी बसून निम्मे काम करता येईल. तालुक्यातालुक्यांत मंडपाचे दिवे लावणाऱ्या तरुणांसाठी वर्ग घ्यावेत. त्यांत नाटक वाचायला शिकवावे, आणि अर्थिंग व दिव्याला बांधायची सुरक्षा-साखळीही शिकवावी. चौथी गोष्ट, प्रकाशसामग्रीची निविदा लिहिताना त्या टेबलाशी रंगमंचावर काम केलेला प्रकाशयोजनाकार सुरुवातीपासून बसलेला असावा. यंत्रणा बसवून झाल्यावर मत विचारण्यात अर्थ नसतो.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमीच्या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्याकडून रंगवून घेतले. भासाला त्यांनी वास्तूतच जागा दिली, कारण नाट्यगृह कशासाठी असते याची त्यांना जाण होती. ती जाण खरेदीच्या कागदांत आणि स्पर्धेच्या वेळापत्रकातही उतरली पाहिजे. गोव्यातल्या नाट्यसंस्थांनी पुढच्या नाटकाच्या पहिल्या वाचनाला प्रकाशयोजनाकाराला बोलवावे. त्यासाठी सरकारच्या मंजुरीची गरज नाही, आणि हे या हंगामापासूनच सुरू करता येईल.