खऱ्यावरचा विश्वास शाबूत ठेव

हे पांडुरंगा, माणूस ओळखता यावा म्हणून तू आम्हाला डोळे दिलेस, कान दिलेस. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते कळावं, फोनवरच्या एका ‘हॅलो’वरून लेकराचं आजारपण कळावं, इतकी बारीक जाण तू या देहात ठेवलीस. त्या देण्यासाठी तुझे पाय धरतो.

आज तेच देणं संकटात आहे, देवा. 2014 साली संशोधकांनी संगणकाची दोन जाळी समोरासमोर बसवली. एकाने खोटं चित्र घडवायचं, दुसऱ्याने ते पकडायचं. पकडणारा फसेपर्यंत घडवणाऱ्याने शिकत राहायचं. 2023 मध्ये अवघ्या 3 सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्रही झालं.

भासाशी आमचं वैर नाही. 1917 साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’ या चित्रपटात अण्णा साळुंके एकटेच राम झाले आणि सीताही. सोंग आहे हे जाणून लोक तिकीट काढून गेले, आणि तरी भक्तिभावाने पाहत राहिले. तुझ्या मूर्तीपुढेही आम्ही पाषाण पाहूनच माथा टेकतो. उघडपणे मांडलेला भास आम्हाला तुझ्यापर्यंत आणतो. लपवलेला भास आम्हाला लुबाडतो.

म्हणून मागतो. मध्यरात्री ज्या आईला मुलाच्या आवाजात पैशांसाठी हाक येईल, तिला फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावायचं सुचू दे. जो फसला, त्याला लाजेने गप्प बसू देऊ नकोस. 1930 या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करायचं बळ दे. ज्या मुलीचा चेहरा तिला न विचारता परक्या देहावर चिकटवला गेला, तिच्या घरच्यांना तिलाच जाब विचारू देऊ नकोस. त्यांना तिच्या बाजूने उभं कर.

2020 साली दक्षिण कोरियात एका आईने डोळ्यांवर यंत्र चढवून, गेलेल्या लेकीची संगणकाने घडवलेली आकृती पाहिली आणि तिला स्पर्श करायला हात पुढे केले. त्या हातांना दोष द्यायचा अधिकार आम्हाला नाही. तशा प्रत्येक आईला सांभाळ, आणि तिच्या दुःखाचा कुणी धंदा मांडू नये असं कर. ही यंत्रं घडवणाऱ्यांना, घडवलेल्या गोष्टीवर ती घडवलेली आहे असं स्पष्ट लिहिण्याचा प्रामाणिकपणा दे.

पण सगळ्यांत मोठं भय वेगळंच आहे, विठ्ठला. खोट्याला आम्ही खरं मानू, त्याहूनही खऱ्याला खोटं म्हणायला सरावू, याचं. अन्यायाची खरी चित्रफीत समोर यावी, अपराध्याने ‘हे यंत्राने बनवलंय’ म्हणत हात झटकावेत आणि आम्ही माना डोलवाव्यात. पुरात बुडालेलं गाव दिसावं, ढिगाऱ्याखालचं मूल दिसावं आणि आमचं बोट सहज पुढच्या चित्राकडे सरकावं. संशयालाच शहाणपण समजू लागलो, तर आमची दया आटून जाईल.

आम्हाला नीरक्षीरविवेक दे. पडताळायला शिकव, आणि पडताळल्यावर धावून जायलाही. ‘कुणास ठाऊक, खरं की खोटं’ एवढं म्हणून कुणाच्याही दुःखाकडे पाठ फिरवायची मुभा आम्हाला देऊ नकोस, पांडुरंगा.