नाव घातलेलं भांडं

पाठीचा कणा ताठ ठेवायची गरज नाही, आणि डोळे तर मुळीच मिटू नका. या मननाला आसन लागत नाही, भांड्यांची मांडणी लागते. दुपारची आवराआवर झाली असेल, ओटा पुसून झाला असेल, घरातली माणसं आडवी झाली असतील, तर स्वयंपाकघरात या. कर्जतला मे महिन्याच्या शेवटी हे करायचं म्हणजे घाम येणार. तो येऊ द्या. आगोटीची कामं निम्मी झाली आहेत. मसाला कुटून आला, पापड-कुरडया डब्यांत गेल्या, आणि डबे शोधायच्या निमित्ताने माळ्यावरचं सगळं खाली उतरलं आहे. बघण्यासारखं इतकं सामान वर्षात पुन्हा एकत्र सापडत नाही.

एक भांडं उचला. निवडत बसू नका, हाताला लागेल ते घ्या. परात नको, मनगट भरून येतं. पेला, तांब्या, वाटी, फार तर पातेलं.

श्वासाकडे लक्ष देऊ नका, तो आपला आपण चालतो. भांड्याकडे द्या. काठाच्या खाली, बाहेरच्या अंगाला नाव असेल. सरळ धरलं तर दिसणार नाही. खिडकीच्या उजेडात तिरपं धरून हळूहळू फिरवा. आता दिसेल. टिंबाला टिंब लावून काढलेली अक्षरं. सुरुवातीचं 'सौ.' ऐसपैस, कारण तेव्हा जागेची चिंता नव्हती. शेवटचं 'कडून' मात्र दादरला लोकलमध्ये चढल्यासारखं दाटीवाटीने उभं. शिरोरेषा एका बाजूला वर चढलेली, कारण नाव घालणाऱ्याचा हात भांड्याच्या गोलाईबरोबर फिरत होता. तारीख असलीच तर वर्षाचे शेवटचे दोन आकडे.

थोडा वेळ इथेच थांबा. आठवा, हे नाव घातलं तेव्हा काय झालं असेल. भांड्यांच्या दुकानात वजन झालं, भाव झाला, घासाघीस झाली, आणि मग दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "नाव काय घालायचं?" भांडं कुणासाठी आणि किती रुपयांपर्यंत, हे घरून ठरवून आलेला माणूस या प्रश्नाला हमखास गडबडतो. वहिनीचं माहेरचं नाव घालायचं की सासरचं? आधी भावाचं की आईचं? एकट्या आत्याचं घातलं तर आतोबांना काय वाटेल? मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेवटी दुकानदारच काहीतरी सुचवतो आणि मशीन टर्रर्र वाजायला लागतं. मशीन यायच्या आधी टोचा आणि हातोडी असायची. तेव्हाची अक्षरं खोल आहेत, आणि शुद्धलेखन टोच्याच्या मर्जीवर. काही दुकानांत नाव फुकट घालून देत, काही ठिकाणी अक्षरामागे पैसे पडत. 'चि. सौ. कां.' ही रूपं आपण परंपरा म्हणून मिरवतो. मला त्यात काटकसरीचा वास येतो.

आता अंगठा त्या अक्षरांवरून फिरवा. सावकाश. खरखर लागते का? लागत असेल तर भांडं चाळीस वर्षांच्या आतलं आहे असं धरून चाला. माझं हे शास्त्र अगदी ढोबळ आहे, पण घासणीची ताकद मला ठाऊक आहे. नाव घातलं तरी स्टील गंजत नाही, यामागे मात्र खरं शास्त्र आहे. 1913 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसाने पोलादात बराच क्रोमियम मिसळला. तो क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच थर गंज अडवतो. नाव घालताना टिंबागणिक तो फुटतो, पण हवा लागली की पुन्हा धरतो. गंजाने नाव जात नाही. ते जातं आधी राखेने, मग काथ्याने, मग तारेच्या घासणीने, म्हणजे आपल्याच स्वच्छतेच्या हौसेने.

मधेच शिट्टी ऐकू येईल. स्टेशन जवळ असेल तर दचकू नका. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या बोरघाट चढण्यासाठी कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. चढ 37 ला 1 आहे. पुढचं इंजिन एकट्याने तो रेटू शकत नाही, म्हणून गाडी थांबते, आणि गाडी थांबते म्हणून दिवाडकरांचा वडापाव खिडकीतून आत जातो. शिट्टी संपेपर्यंत भांडं हातात धरून उभे राहा. मन भरकटलं तर भरकटू द्या. ते वडापावकडे गेलं असेल, त्यात गैर काही नाही.

आता दुसरं भांडं घ्या, बिननावाचं. प्रत्येक घरात असतं: जरा पातळ, बुडाशी किंचित पोचलेलं, उगाच चकचकीत. हे बोहारणीकडून आलं. त्यावर काही लिहिलेलं नसतं, पण त्याची कुळकथा नावाच्या भांड्यापेक्षा लांब असते. बोहारीण दारात बसायची, टोपली उतरवायची, आणि जरीची साडी बघून म्हणायची की जर गेलेली आहे. मग दोन विजारी, मुलाचा लहान झालेला गणवेष, वर एक चादर, आणि शेवटी आईने आतून काहीतरी आणलेलं असायचं. आमच्याकडच्या एका घमेल्यात वडिलांचा लग्नातला कोट गेला. ते ऑफिसला गेलेले असताना गेला. संध्याकाळी घमेलं बघून त्यांनी एवढंच विचारलं, "कोटाच्या खिशात काही होतं का, बघितलं होतं?" कोट त्यांनी लग्नानंतर एकदाही घातला नव्हता. तरी पुढची कित्येक वर्षं त्या घमेल्यात पीठ भिजवताना आई त्याला 'यांचा कोट' म्हणायची, आणि ते पोळ्या निमूट खायचे.

तिसऱ्या प्रकारावर फार वेळ घालवू नका. पतपेढीची सभासद भेट, कारखान्याच्या कामगार सोसायटीची दिवाळी भेट. खोपोलीच्या कारखान्यांत कुणी नोकरीला असेल तर अशा भेटींनी अर्धी मांडणी भरलेली असते. त्यावर सोसायटीचं नाव ठसठशीत, सभासदाचं कुठेच नाही. पाणी मात्र त्यांत छान गार राहतं. गावात ग्रामस्थ मंडळाचे मोठे टोप असतात, ऑइलपेंटने नाव रंगवलेले. ते हळदीला बाहेर पडतात आणि कुणाच्या अंगणात किती दिवस राहिले यावर पुढची बैठक गाजते.

इथे जरा बसा, स्टूल असेल तर स्टुलावर. आपण या वस्तू का ठेवतो, असा प्रश्न आता मनात येईल. येऊ द्या, पण लगेच उत्तर देऊ नका. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू मांडलेल्या आहेत. दिनकर केळकरांनी त्या आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. तिथे अडकित्त्याखाली प्रदेश आणि शतक लिहिलेलं असतं. तो रोज हातात धरणाऱ्या बाईचं नाव बहुधा नसतं, कारण ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमच्या हातातला साधा पेला त्या बाबतीत संग्रहालयाच्या पुढे आहे.

आणि तो टिकतोही. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी पात्र सोडून बदलापूर-कर्जत पट्ट्यात पसरली. ज्यांच्या घरांत पाणी शिरलं त्यांच्याकडे फोटोंचे अल्बम, पत्रिका, दाखले यांचा लगदा झाला. भांडी चिखलातून वेचून, धुऊन परत मांडणीवर गेली. नाव शाबूत.

मननात आठवण आपोआप वर येते असं पुस्तकांत लिहितात. माझा अनुभव वेगळा आहे. पन्नाशीनंतरची स्मरणशक्ती म्हणजे घराला कुलूप लावून निघायचं आणि गाडी भिवपुरी रोडला पोचली की आठवायचं, गॅस बंद केला का? असं मन स्वतःच्या बळावर पन्नास वर्षांचा घाट चढत नाही. त्याला मागून रेटणारं काहीतरी हातात असावं लागतं.

आता माळ्यावरून उतरलेल्या भांड्यांकडे वळा, त्यांतही ज्या भांड्यावरचं नाव घरात कुणालाच ओळखू येत नाही त्याच्याकडे. असतंच एखादं. आमच्याकडे एक पितळी गडू आहे, टोच्याने नाव घातलेला. त्यावर एका मुलीचं नाव आणि तिच्या वडिलांचं, बस्स. मी लग्न होऊन कर्जतच्या दहिवलीला आले तेव्हापासून तो 'परक्याचा गडू' होता. कुणाच्या तरी सत्यनारायणाला गेलेल्या भांड्यांबरोबर चुकून आपल्याकडे आला आणि परत द्यायचा राहिला, असं घरात सर्वमान्य होतं. माझ्या दिरांनी एकदा आळीत चौकशीही केली होती. कुणी आपला म्हणेना. लोकांचं भांडं वापरायचं कसं, म्हणून तो माळ्यावर गेला. दर आगोटीला खाली यायचा, चिंचेने घासला जायचा आणि परत वर जायचा.

एका वर्षी घासताना मी ते नाव मोठ्याने वाचलं. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. सुपातली नजर न काढता म्हणाल्या, "माझा आहे तो. बारशाचा."

त्यांचं लग्नाआधीचं नाव. खालापूर तालुक्यातल्या माहेरी सगळे त्यांना 'बाय' म्हणत, त्यामुळे मामालोकांच्या तोंडूनही ते कधी ऐकू आलं नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं, आणि रेशन कार्डापासून आधारपर्यंत तेच चाललं. शाळेच्या दाखल्यावर जुनं असेल, पण चौथीपर्यंतच्या शिक्षणाचा दाखला काढायची वेळ कधी आली नाही. आमच्याच गावच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले भाताचे वाण, कर्जत-3, कर्जत-7, कुठल्याही जिल्ह्यात नांदायला गेले तरी त्याच नावाने ओळखले जातात. ही सवलत बायकांना नव्हती.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणी विचारलं नाही. आणि सगळे त्याला इतकं सांभाळून ठेवत होते, परक्याचा म्हणून. आपला म्हटलं असतं तर केव्हाच मोडीत गेला असता."

यावर मी अजून मनन करते आहे. दिरांनी तर ते बोलणं मनाला लावून घेतलं. सासूबाईंनी गडू पुन्हा माळ्यावर चढवू दिला नाही. आता त्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. नातू कधी मुद्दाम त्या जुन्या नावाने हाक मारतो. पहिल्यांदा मारली तेव्हा त्यांनी मान वर न करता "ओ" दिली, आणि मग त्याला धपाटा. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी परवानगी दिलेली नाही.

आता हातातलं भांडं ओट्यावर ठेवा. अनोळखी नावाचं सापडलं असेल तर वेगळं काढा, सापडलं नसेल तर माळा पुरता रिकामा झालेला नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला अजून झोपू द्या. चार वाजले की चहा टाका, भांडं त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "हे कुणाचं?" शक्यतो आजच विचारा, पुढच्या आगोटीला ठेवू नका. उत्तर लांबू शकतं, म्हणून बसण्याआधी गॅस तेवढा बंद करा.